तीनशे पिलं आणि नवाबाची गाडी

१० एप्रिल १९८६, गुरुवार

तीनशे पिलं आणली, एकोणतीस जगली. ती बी माना टाकून बसलीत. बाकीची काल शेडमागं पुरली. खड्डा म्या खणला. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, घरातलं माणूस गेल्यासारख्या. कुदळ एकीनं बी धरली न्हाय.

ही जळकोटच्या बायकांची कोंबड्यांची सोसायटी. बारा बाया. अध्यक्ष म्या, म्हाळसाबाई, कारण निवडीच्या दिवशी सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. सेक्रेटरी सुमन. ती सातवी शिकलेली, तिचा मालक पोस्टात नोकरीला. शेड सरकारनं बांधून दिलं, पिलं एक दिवसाची सोलापुरातनं आणायची. परवा मंगळवारी बसनं आणली. कंडक्टर आधी म्हणला, मागच्या सीटखाली ठेवा. मंग म्हणला, टपावर जातील. गेली टपावर. दोन तास ऊन. जळकोटला उतरवली तर खोक्यातनं आवाज न्हाय. असल्या माणसाला कंडक्टर कोण करतं? सुमनकडून तक्रारअर्ज लिहून घेतला, खाली म्या सही केली. सही बरी आली.

पंचायत समितीचे साहेब येऊन बघून गेले. म्हणले, "आजी, अजून एक खेप मिळेल, सहा मेला. तीही मेली तर शेड दुसऱ्या गावाला द्यावं लागेल." पिलं सकाळी अकराला ताब्यात मिळणार आणि त्याच दिवशी चारला साहेब मोजायला शेडवर येणार. म्हंजे भर दुपारचंच आणणं. मे महिन्यात. पाऊस न झाल्याला हे दुसरं वरीस, शेतात काम न्हाय. कोंबड्या गेल्या तर बाराच्या बारा जणी खडी फोडायला जातील.

ही वही प्रौढ वर्गातली. तिथल्या बाईंनी सांगितलंय, रोज दोन ओळी लिहा, न्हायतर अक्षरं इसराल. आज दोनापरीस लई झाल्या.

१३ एप्रिल, रविवार

माझा गोरोबा हायवेला गॅरेज चालवतो. ट्रक, ट्रॅक्टर, काय बी. तिथं वरीसभर एक लाल गाडी पडून हाय. हैदराबादच्या कुण्या नवाबाच्या नातवाची. शर्यतीची गाडी म्हणं. पुण्याला निघाला होता, जळकोटला इंजिनानं दम तोडला. तो बसनं पुढं गेला आणि गाडी भंगाराच्या भावात गोरोबाला देऊन टाकली. दोन दारं, पुढं दोन माणसं, मागं पाटाएवढी जागा. आत बसलं की बूड रस्त्याला लागतंय असं वाटतं, आणि उठायला दोघं लागतात.

गोरोबा म्हणला, "आये, हिच्यात एसी हाय."

"म्हंजे काय हाय?"

"गार हवेचं मशीन. बिघडलंय, पण हाय. नीट करतो. पिलं गारेगार आणू."

"वरीसभर तुला ती गाडी दारातनं बाहेर काढता आली न्हाय. आता तिच्यात हिवाळा घालणार व्हय?"

त्यानं पाना उचलला आणि गाडीखाली शिरला. चाळिशीचा बाप्या, पण बोललं की गाडीखाली जातो. ह्याचा बाप मेंढ्यांत जायचा.

१६ एप्रिल, बुधवार

गाडी सुरू झाली. एसी बी सुरू केला. लोहाराच्या भात्यासारखी गरम हवा आली. गोरोबा म्हणला, आतला गॅस संपलाय. सोलापूरहून फ्रीज नीट करणारा शिवलिंगप्पा बोलवला. त्यानं वाकून बघितलं, जीभ टाळूला लावली आणि म्हणला, "हे सगळं काढून टाका. मुंबईहून नवीन मागवतो."

म्या म्हणलं, "आप्पा, ह्यातच भागवा. नवीन घ्यायची ऐपत असती तर आमी कोंबड्या पाळल्या असत्या का?"

गॅस भरला. गार हवा आली. तासभर निम्मं गाव आत नाक घालून गेलं. म्हातारे तर रांगेनं.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी परत गरम. गॅस पळाला. शिवलिंगप्पा मुक्कामाला होता म्हणून सापडला. म्हणतो, कुठं तरी फट हाय, पण दिसत न्हाय.

म्या इचारलं, "सायकलच्या ट्यूबला काय करता?"

"पाण्यात घालून बुडबुडे बघतो की."

"मंग ही बी नळीच हाय."

पाण्यात कुठनं घालणार, टँकर चार दिवसांनी येतो. अयोध्याच्या, म्हंजे माझ्या सुनेच्या, धुण्याच्या साबणाचा वाटीभर फेस केला आणि फडक्यानं नळीला लावत गेले. उरल्यासुरल्या गॅसानं दोन जागी फेस फुगला. रबर चिरलेलं. शिवलिंगप्पा म्हणला, तिथंच असणार असं मला वाटतच होतं. चुकलो म्हणायला माणसाचं काय जातं देव जाणे.

२२ एप्रिल, मंगळवार

ट्रॅक्टरची जुनी नळी कापून बसवली, गॅस टिकला. तर आता नवीन दुखणं. एसी लावला की इंजिन उकळतं. झाकण उघडलं तर बंबासारखी वाफ. त्याला पाणी पाहिजे. पाणी!

अयोध्या घागर आपटून म्हणली, "आत्याबाई, एक घागर ती लाल बया प्यायली. सांजच्याला भाकरीचं पीठ कशात मळू?"

ती खरं बोलत होती. म्या तसं म्हणले न्हाय. म्या म्हणलं, माझ्या आंघोळीचं पाणी गाडीला द्या. आज तिसरा दिवस. ह्या वयात मला हुंगायला कोण येतंय!

गोरोबानं समोरची जाळी खोलली. आत हैदराबादपासनंची धूळ, किडे, एक वाळलेली चिमणी. वारा जाणार कुठनं? म्या केरसुणीची काडी घेऊन दोन दिवस एकेक फट साफ केली. भंगारातल्या एका ट्रकचा पंखा काढून जाळीपुढं लावलाय. आता उकळत न्हाय. घरघरतं मात्र असं, की बोललेलं ऐकू येत न्हाय. गोरोबाला ते आवडलेलं दिसतंय.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज नळदुर्गापर्यंत जाऊन आलो. नाक गार, पाय भाजले. खालच्या पत्र्यातनं इंजिनाची आच वर येते. चुलीच्या भिंतीला पाय लावून बसल्यासारखं. वरनं गार ओता न्हायतर काय बी करा, खालनं आच चालूच. गोरोबाला सांगितलं तर म्हणला, "खाली जाड अस्तर पाहिजे. पुण्याला मिळतं."

"पुण्याला सगळंच मिळतं. इथं काय मिळतं ते सांग."

त्यानं बारदान घातलं. डिझेलचा वास धरलेलं बारदान, तापल्यावर डोकं उठलं.

आच अडवायची तर लोकर पाहिजे. मालकाचं घोंगडं ट्रंकेत हाय. बहात्तरच्या दुष्काळात मेंढ्या विकल्या, त्या आधी कातरलेल्या लोकरीचं. मालक गेल्यापास्नं ट्रंकेतच. दर वर्षी कडूलिंबाचा नवा पाला घालते, कसर लागू नये म्हणून. दुसरं काय कारण न्हाय.

२६ एप्रिल, शनिवार

घोंगडं काढलं. गोरोबा म्हणला, "आये, हे नको."

"का? तू मखमल आणलीस का?"

"नको म्हणलं ना. दुसरं बघू."

दुसरं बघण्यात दहा दिवस जातील. विळी घेतली आणि बसून कापलं. लई घट्ट विणलेलं, कापता कापत न्हाय. चार तुकडे केले. दोन पुढं पायाखाली, दोन मागं. गोरोबा तवर गाडीखाली जाऊन पडला. काम सगळं वरनं होतं, खाली जायचं काय कारण होतं कुणास ठाऊक. बराच वेळ आला न्हाय.

आच थांबली. पण गारवा अजून पाहिजे तेवढा न्हाय.

३० एप्रिल, बुधवार

सुमन आली. हातात कागद. आपल्या अर्जावर चौकशी लागलीय. कंडक्टरचं नाव सोमलिंग हाय म्हणं. जबाब होईपर्यंत त्याला कामावरनं घरी बसवलंय.

म्या म्हणलं, "बसू दे. पंखा घेऊन बसंल सावलीत. पिलांना कुठं सावली होती?"

सुमन कागदाची घडी घालत राहिली. म्हणली, "आजी, त्या दिवशी मी तुमच्या पुढच्याच सीटवर होते."

"मंग?"

"काय न्हाय. जबाबाला तुम्हालाच जावं लागंल. नवव्या तारखेला, तुळजापूरला."

चहा न घेता गेली. आजकाल ती कमीच बोलते. शिकलेल्या बायकांना कधी कशाचा राग येतो कळत न्हाय. गोरोबा पाना पुसत उभा होता. त्याला म्हणलं, उभा काय राहतोस, मशीन गार कर.

३ मे, शनिवार

दारांच्या फटीतनं गरम वारा आत येत होता. सायकलच्या ट्यूबा कापून कडेनं चिकटवल्या. काचांना आतनं पांढरं धोतर लावलं. मशीनचा पट्टा ताणला. म्या आत बसून एकच म्हणत होते, "अजून गार. अजून." शिवलिंगप्पा म्हणला, "बाई, आता थांबा, बर्फ धरंल." म्या म्हणलं, धरू दे, दुष्काळात बर्फ बघायला मिळंल.

संध्याकाळी खरंच दात वाजले. पदर डोक्यावरनं ओढून घ्यावा लागला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा गोरोबाला म्हणले, बरं केलंस. तो बघतच राहिला, जसं काय म्या कानडी बोलले.

६ मे, मंगळवार

आजच लिहिते. उद्या दुसरंच आठवंल.

अकराला पिलं मिळाली. तीन खोकी, शंभर शंभर. दोन मागं ठेवली, एक माझ्या मांडीवर. हवेची जाळी हातानं फिरवून नीट खोक्यांवर धरली. बाहेर डांबर वितळत होतं, आत थंडी. गोरोबा खुशीत. "आये, तवा टपावर आणि आता एसीत! बघ फरक!" म्या बी खुशीत. सोलापूर मागं पडलं, बोरामणी जवळ आली.

तेव्हा आवाज बदलला. पिलू सुखात असतं तेव्हा गुणगुणतं. हे उंच, टोचणारं, एकसारखं. असला आवाज म्या जन्मभर ऐकलाय. कोंबडी उठून गेली की पिलं असंच ओरडतात. तरी म्या दोन मैल नुसतं ऐकत बसले, कारण मला वाटलं, मशीनच्या घरघरीत तसं वाटत असंल.

झाकण उघडलं. सगळी पिलं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून ढीग झालेली. खालची चपटी. एक हातात घेतलं, माठाच्या बुडासारखं गार.

"गोरोबा, बंद कर!"

"काय?"

"मशीन बंद कर! थंडीनं मरायला लागलीत!"

त्यानं चिंचेखाली गाडी उभी केली. एक दिवसाचं पिलू. आईच्या पोटाखालनं काढलेलं. ऊब लागते त्याला, हे शेंबड्या लेकराला ठावं असतं. मला साठ वर्षं ठावं हाय. आणि म्या पंधरा दिवस "अजून गार, अजून गार" करत बसले होते. एक खेप उन्हानं मेली म्हणून डोक्यात दुसरं काय शिरलंच न्हाय. गोरोबाच्या न्हाय, शिवलिंगप्पाच्या न्हाय, साऱ्या गावाच्या न्हाय. सगळे रांगेनं नाक घालून गेले आणि म्हणले, वा काय गार.

"काचा उघडू?" गोरोबा म्हणला.

काच बोटभर उघडली तर भट्टी. तसं केलं तर परत तेच झालं असतं.

मंग पायाखालचं घोंगडं उपसलं. खिळ्यांनी ठोकलेलं, नख निघालं. खालचा पत्रा परत तापायला लागला, ज्याच्या नावानं म्या दोन दिवस शंख केला होता तोच. घोंगड्याची घडी पत्र्यावर घातली, तिच्यावर खोकं ठेवलं. म्हंजे ऊब लागंल पण भाजणार न्हाय. मागच्या खोक्यांना बी तसंच. जाळी काचेकडं फिरवली. आणि म्या पाय वर घेऊन, मुंडासं हरवलेल्या म्हाताऱ्यासारखी सीटवर उकिडवी बसले, एक हात खोक्याच्या भोकातनं आत.

"चालू कर."

चालू.

"बंद."

बंद.

"आता चालू. जरासंच."

"आये, बटन तुटंल."

"तुटू दे. बंद!"

असं करत नळदुर्गापर्यंत आलो. हाताला पिलं लागत होती. धापा टाकायला लागली की चालू, एकमेकांखाली शिरायला लागली की बंद. हळूहळू ढीग मोडला. एक पिलू तळहातावर येऊन झोपलं, त्याची नखं अजून लागतात.

नळदुर्गाच्या स्टँडावर रेडिएटरला पाणी घालायला थांबलो. समोर सोलापूरची बस उभी. टपावर सामान. तेव्हा ते आलं डोक्यात. आलं म्हंजे काय, गेलंच कुठं होतं.

सोमलिंग म्हणला होता, "आजी, मागच्या सीटखाली सावली हाय, तिथं ठेवा." म्या म्हणलं, माझ्या शेजारच्या सीटवरच ठेवणार. तो म्हणला, ती जागा माणसांची हाय. म्या त्याच्या बापावर गेले. तो म्हणला, मंग काय टपावर ठेवू का? म्या म्हणलं, "ठेव टपावर. पिलं माझी हायत, तुझ्या बापाची न्हायत." ह्याच स्टँडावर त्यानं परत येऊन इचारलं, "आजी, खाली घेऊ का, ऊन लई हाय." आणि म्या खिडकीतनं बाहेर बघत बसले. माघार कशी घेणार, सगळी बस ऐकत होती.

गोरोबा पाणी घालून आला. म्हणला, "आये, काय झालं?"

"काय झालंय? चल. बंद ठेव आता, गार झालीत."

थांबत थांबत सव्वातीनला शेडवर. कंदील लावून ऊब तयार ठेवली होती सुमननं. तिला कुणी सांगितलं न्हवतं. चारला साहेब आले, मोजली. दोनशे एकोणनव्वद. अकरा मेली, ती सोलापूर ते बोरामणीतली. साहेब गाडीभोवती फिरून म्हणले, "एसी गाडीतून पिलं! अहवालात लिहितो मी हे." शेड राहिलं. गोरोबा माझ्याकडं बघत होता. म्या म्हणलं, लिहा.

८ मे, गुरुवार

शेडमध्ये मीटिंग बोलवली. बाराच्या बारा आल्या. म्या म्हणलं, "सुमन, उद्या तुळजापूरला जबाब हाय. आधी इथं लिही, सगळ्यांपुढं. कंडक्टर सोमलिंग ह्यानं पिलं टपावर ठेवली न्हायत. म्या ठेवायला लावली. त्यानं दोनदा सावली दाखवली होती. माझ्या आडमुठेपणानं दोनशे एकाहत्तर पिलं मेली. अध्यक्ष, म्हाळसाबाई."

सरुबाई म्हणली, "आता कशाला हे, झालं ते झालं."

"तू गप. तू अध्यक्ष हायस का?"

"मंग तुम्ही तरी राहता का आता?"

"ते तुमी ठरवा. आधी लिहू दे तिला."

सुमननं लिहिलं. वाचून दाखवलं. आडमुठेपणाच्या जागी तिनं गैरसमज लिहिलं होतं. म्या ते खोडायला लावलं. खोडताना ती हसली. महिन्यात पहिल्यांदा. मंग सही केली. ह्या वेळची सही वाकडी आली.

अध्यक्षाचं पुढच्या मीटिंगला बघू म्हणल्या. बघा.

१२ मे, सोमवार

तुळजापूरला कागद दिला, सोमलिंग कामावर आला. आज बसमध्ये भेटला. मला बघून म्हणला, "आजी, सामान काय न्हाय ना?" बस हसली. म्या तिकीट घेतलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. तोंडात आलं होतं बरंच. गिळलं.

गोरोबा लाल गाडी लग्नाला द्यायची म्हणतो. गार गाडी म्हणून बोर्ड रंगवायला दिलाय. पत्रा परत तापतो, नवरा-नवरीचे पाय भाजतील म्हणून घोंगड्याचे तुकडे मागायला आला होता. दिले न्हायत. ते शेडमध्ये पिलांखाली घातलेत, सांजच्याला सगळी त्यावरच येऊन बसतात. अयोध्या म्हणली, "आत्याबाई, हागून पार घाण केलंय. धुऊन ट्रंकेत ठेवू का?"

म्या म्हणलं, असू दे. मालक मेंढ्यांत निजायचे, तेव्हा काय वेगळं होतं.